नोंदवहीचं तोंड आधी पेढीकडे वळव

प्रश्न : सर, मी २८ वर्षांची, टेक्स्टाइल इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीला घरी आले. बाबांचे २४ रॅपियर माग (धोट्याशिवाय चालणारे यंत्रमाग) आहेत, सगळे सेकंडहँड घेतलेले. सूत आणि बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याच्या पेढीचे, विणून द्यायचं काम आमचं. म्हणजे आम्ही खर्चीवाले. दर महिन्याला व्यापारी डॅमेजपोटी, म्हणजे कापडातल्या दोषांपोटी, बिलातून पैसे कापतो. गेल्या महिन्यात ३८ हजार गेले. मी प्रत्येक मागाला एक वही बांधली : डॅमेज केव्हा आलं, कशामुळे, किती मीटर. कामगारांनी आठ दिवस लिहिलं आणि सोडून दिलं. जॉबर, म्हणजे मागांचं सेटिंग आणि दुरुस्ती बघणारा मिस्त्री, सगळ्यांदेखत म्हणाला, ‘ताई, लिहून तार जुळत नाही.’ मी दंडाची गोष्ट काढली तर दोन कामगार शेजारच्या कारखान्यात गेले. मोठ्या मिल्समध्ये कसं काम चालतं यावर चाळीस पानांचा रिपोर्ट करून बाबांना दिला. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, ‘३५ वर्षं माग चालवतोय. आपला माल चांगलाच आहे.’ भाऊ कॅनडातून परत येणार नाही हे आता पक्कं झालंय, तेव्हापासून बाबा १२ माग विकायचं म्हणताहेत. जॉबरला काढू का? बाबांना पटवू कसं? की मी पुन्हा नोकरी धरू?

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

तू तीन प्रश्न विचारलेस, पण मी अडकलो चौथ्यावर, जो तू विचारलेला नाहीस. त्या वहीत खरं लिहिलं तर तुमच्या कारखान्यात फायदा कुणाचा होतो?

कामगाराचा? त्याची मजुरी मीटरवर, पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने. वही लिहायला तो मागापासून हलला तर तेवढं कापड कमी निघणार. शिवाय लिहिलेलं डॅमेज त्याच्याच पाळीत मोडणार, आणि त्यावर तू दंडाची भाषा केलीस. म्हणजे पदरचे पैसे घालून स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची. कोण देईल? जॉबरचा फायदा? कुठल्या मागावर डॅमेज जास्त हे कागदावर आलं की पुढचा प्रश्न ‘सेटिंग कुणी केलं’ हाच. आणि बाबा? ‘आपला माल चांगलाच आहे’ या वाक्यावर त्यांनी ३५ वर्षं काढली आहेत. वही ते वाक्य खोटं पाडायला निघाली आहे. उरलीस तू एकटी. तेव्हा वही आठ दिवस चालली याचंच मला कौतुक वाटलं.

तुला सियालकोटची गोष्ट सांगतो. पाकिस्तानातल्या या शहरात जगभरासाठी हाताने शिवलेले फुटबॉल बनतात. नेहमीच्या फुटबॉलला २० षटकोनी आणि १२ पंचकोनी तुकडे लागतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, पंचकोन तसे बसत नाहीत, त्यामुळे रेक्झिनच्या तावात चिंधी उरते. एरिक व्हरहूगन, अमित खंडेलवाल, डेव्हिड अॅटकिन आणि लाहोरचे दोन अर्थतज्ज्ञ अशा पाचजणांनी एक नवा साचा तयार करून घेतला. त्याने त्याच तावात जास्त पंचकोन निघत. बचत डोळे दिपवणारी नव्हती, पण साचा स्वस्त होता आणि चिंधी कमी व्हायची यात वाद नव्हता. २०१२ मध्ये त्यांनी तो काही कारखान्यांना चक्क फुकट दिला. पंधरा महिन्यांनी पाहिलं तर ३५ पैकी पाच-सहा जण तो वापरत होते.

मालक अडाणी होते का? नाही. कापणाऱ्या कामगाराला मजुरी नगावर होती. नव्या साच्यावर हात बसेपर्यंत त्याची गती कमी व्हायची, म्हणजे रोजची कमाई घटायची. वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मात्र मालकाच्या खिशात. मग कामगाराने मालकाला काय सांगावं? ‘साहेब, हा साचा चालत नाही.’ मालकाने ते मानलं, कारण साच्याबद्दल त्याला जे काही कळत होतं ते कामगाराच्याच तोंडून. पुढे संशोधकांनी काही कारखान्यांत कापणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या एकेका कामगाराला सांगितलं, की नवी पद्धत नीट करून दाखवा, साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम एकदाच हातात मिळेल. तेवढ्याने तिथे साचा वापरणारे कारखाने लक्षणीय वाढले. पंधरा महिने जे ‘चालत नव्हतं’ ते चालायला लागलं.

‘लिहून तार जुळत नाही’ हे वाक्य आता पुन्हा वाच. मला त्यात उद्धटपणा कमी आणि पिकाचा हिशेब जास्त ऐकू येतो.

म्हणून जॉबरला काढू नकोस. आणि इथे मला माझीच फजिती सांगायला हवी. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात मी पेन्सिल घेऊन गोदामात बसलो आणि शोध लावला, की साखरेच्या पोत्यांत दर महिन्याला ठरावीक घट येते आणि ती आमच्या हमालाच्या घरी जाते. पुराव्यानिशी वडिलांपुढे मांडलं. ते म्हणाले, ‘ठाऊक आहे.’ ट्रक रात्री दोन वाजता यायचा. थंडी असो, पाऊस असो, हा माणूस एका हाकेत उठून यायचा, आणि गावात तसा दुसरा कुणी नव्हता. ती साखर म्हणजे वडिलांच्या लेखी रात्रपाळीचा भत्ता होता, वहीत न लिहिलेला. माझं गणित बरोबर होतं, पण अर्धं होतं. पुढे तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पण हा धडा मला एका पोत्याने शिकवला होता.

तुझ्या बाबांच्या मनातही जॉबरबद्दल असं काही असणार. जुने रॅपियर आहेत, भाग सहज मिळत नाहीत, कुठल्या मागाचा कुठला आवाज म्हणजे काय हे त्या माणसाच्या कानात साठलंय. तो सोमवारी आला नाही तर किती माग बंद पडतात, ते बाबांना एकदा विचार. वाद घालायला नव्हे, माहिती म्हणून.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंस की सूत आणि बीम पेढीचे. मग डॅमेजपोटी कापलेले ३८ हजार सगळे तुमच्याच चुकीचे कसे? तू इंजिनिअर आहेस, तुला सांगायला नको. तेलाचा डाग, माग थांबून सुरू होताना उमटणारी पट्टी, सुटलेलं पिक हे तुमच्या पदरात. पण सुतातल्या गाठी, जाडं-बारीक सूत, सायझिंग (ताण्याला दिलेली खळ) कच्चं राहिल्यामुळे सारखी तुटणारी तार? ते पेढीकडूनच आलं. व्यापारी दोन्ही एकाच ओळीत धरून कापतो आणि बाबा ‘शेठ, थोडं सांभाळून घ्या’ म्हणून परत येतात. बरोबर ना?

ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर ग्राहक आणि विक्रेता यांच्यात चालणाऱ्या घासाघिशीचा काही अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, अडीच कोटींहून जास्त वस्तूंचे व्यवहार घेऊन. त्यात वारंवार दिसलं ते आपल्या मंडईत दिसतं तेच : एकाचा आकडा, दुसऱ्याचा आकडा, आणि पुढचं पाऊल दोहोंच्या मध्यावर. मध्यावर येणं माणसाला न्यायाचं वाटतं. पण मध्य निघायला आकडे दोन लागतात. बाबा आकडाच सांगत नाहीत, ‘सांभाळून घ्या’ म्हणतात. मग मध्य कशाचा काढणार? व्यापारी दयेपोटी दोन-तीन हजार सोडतो आणि वर उपकार केल्याचं समाधान मिळवतो.

याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट सापडली. ज्यांनी किंमत शंभराच्या पटीत, गोल आकड्यात लावली त्यांना मागण्या कमी भावाच्या आल्या, पण लवकर आल्या. गोल आकडा पाहून समोरच्याला कळतं, की या माणसाला घाई आहे, हा खाली येईल. म्हणून बाबा पेढीवर ‘पंधरा हजार तरी सोडा’ म्हणाले तर एक अर्थ निघतो, आणि ‘१४,६५० रुपयांचं डॅमेज सुतातलं आहे, हे तागे आणि ह्या तारखा’ म्हणाले तर दुसरा. दुसरं वाक्य बोलायला नोंद लागते.

आता पुन्हा विचारतो, वहीचा फायदा कुणाचा? वहीचं तोंड कामगाराकडे होतं तोवर ती कुणालाच नको होती. तेच तोंड पेढीकडे वळव. सुतातला दोष पकडला तर कामगारावरचा आळ जातो, सेटिंगची बदनामी टळते म्हणून जॉबर खूश, आणि बाबांचं ‘आपला माल चांगला आहे’ हे वाक्य पहिल्यांदाच कागदावर उभं राहतं. तुमच्या चुकांचा हिशेब त्याच वहीत आपोआप साठत जाईल. पण पहिले दोन महिने त्यावर अवाक्षर काढायचं नाही. दंडाचं तर नावच नको.

लिहिण्याचं काम कामगाराकडून काढून घे. त्याने दोष दिसला की किनारीला रंगीत दोरा अडकवायचा : सुताचा दोष असेल तर लाल, मागाचा असेल तर निळा. दोन सेकंदांचं काम. लिहायचं ते फोल्डिंगला, म्हणजे कापड तपासून घडी घालतात तिथे, तागा उलगडून बघताना. ते दिवाणजींनी करावं किंवा तू स्वतः करावंस. दोरा लावलेल्या दोषाबद्दल कामगाराला काही बोलायचं नाही, आणि दोरा लावण्याचे म्हणून आठवड्याच्या पगारात थोडी ठरलेली रक्कम घालायची, दोषांच्या संख्येशी तिचा संबंध न ठेवता. संख्येवर पैसे दिलेस तर सगळं कापड लाल दोऱ्यांनी सजून येईल. माणसं हुशार असतात. म्हणूनच काही तागे जॉबरबरोबर बसून तू पुन्हा तपास. लाल दोऱ्याखाली निळा दोष निघू लागला तर पेढीवर तुमची पत जाईल, आणि ती एकदा गेली की वही काय, माग विकले तरी परत मिळणार नाही.

जॉबरला म्हणावं, दोन माग तुम्ही निवडा. सेटिंग तुमच्या मनासारखं करा, लागेल तो भाग आणून देऊ, आणि महिनाभर त्या दोन मागांवर निळे दोरे निम्म्यावर आणून दाखवा. दाखवलं तर ठरलेली रक्कम एकदाच, रोख. पैसे दाखवल्यानंतर द्यायचे, आधी नाही. आणि हे तू बोलू नकोस, बाबांनी बोलावं. तू बोललीस तर ती ‘ताईंची परीक्षा’ होईल. बाबा बोलले तर मान होईल.

बाबांना दिलेल्या चाळीस पानांबद्दल मात्र मी तुला रागावणार आहे. इंडोनेशियात बालीजवळ नुसा पेनिडा नावाचं बेट आहे. तिथे दोरीला बांधून समुद्री शेवाळाची शेती करतात. लागवडीला बांधायचा तुकडा केवढा असावा यावर उत्पन्न बदलतं, पण वर्षानुवर्षं शेती करणाऱ्या बहुतेकांना आपण केवढा तुकडा बांधतो हेच सांगता येईना. दोऱ्यांमधलं अंतर नेमकं सांगत, तुकड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. संशोधकांनी त्यांच्याच शेतात, त्यांच्याच डोळ्यांसमोर वेगवेगळ्या आकारांचे प्रयोग केले. तरी फरक पडला नाही. फरक पडला तो नंतर, जेव्हा त्यांच्याच शेतातले आकडे मांडून ‘तुमच्याकडे या आकाराने एवढं निघालं’ असं दाखवलं तेव्हा. अनुभवाने माणूस शिकतो हे खरं, पण जिकडे त्याचं लक्ष जातं तेवढंच शिकतो. तुझ्या बाबांच्या ३५ वर्षांत दर मागाचा डॅमेज कधी वेगळा मोजला गेलेला नाही, त्यामुळे तो त्यांच्या अनुभवात नाहीच. मोठ्या मिल्सची चाळीस पानं त्यांना पटणार नाहीत. ७ नंबरच्या आणि १९ नंबरच्या मागाचं अर्धं पान पटेल.

‘आपला माल चांगलाच आहे’ हे वाक्यही फक्त तुझ्या घरातलं नाही. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि पलीकडचं उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी वगैरे मंडळींनी २००८ पासून एक मोठा प्रयोग केला. १७ कंपन्यांचे २८ कारखाने त्यात होते, तुमच्यापेक्षा बरेच मोठे. काही कारखान्यांत सल्लागार पाच महिने बसवले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्याच होत्या : दोषांची रोज नोंद, साठ्याचा हिशेब, मागांची वेळेवर देखभाल. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. मग हे आधीच का केलं नव्हतं? काही पद्धती मालकांच्या कानावरही नव्हत्या. दोषांच्या नोंदीसारख्या ज्या माहीत होत्या, त्यांची आपल्याला गरज नाही असं त्यांना वाटायचं, कारण माल आपला चांगलाच आहे! बाबांना हे सांगून बघ. तारापूरचे शेठही तेच म्हणत होते म्हटल्यावर कदाचित हसतील.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुझ्यासाठी आहे, आणि ती वाचताना मला जरा टोचलं होतं. कंपनी किती मोठी होते हे तिथे कारभार किती चांगला यापेक्षाही, घरात पुरुष माणसं किती यावर जास्त ठरताना दिसलं. बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही, तेव्हा जेवढे भाऊ आणि मुलगे, तेवढे कारखाने. भाऊ येणार नाही म्हटल्यावर बाबांनी १२ माग विकायला काढले, त्यामागे हेच आहे. त्यांच्या मनात वही नाही, भाव नाही, मोजणी आहे, आणि त्या मोजणीत तू धरलेली नाहीस. आईशी बोल, बाबांशीही बोल, पण ‘मलाही मोजा’ असं भाषण देऊ नकोस. एवढंच माग, की १२ माग विकायचा निर्णय दिवाळीनंतर घेऊ, आणि तोवर ते १२ माग माझ्याकडे द्या : सूत उतरवून घेणं, पगार, पेढीवर जाणं, सगळं. पेढीवर पहिल्या दोन वेळा बाबांबरोबर जा, बोलू नकोस, वही तुझ्या हातात असू दे. तिसऱ्या वेळी आकडा तू सांग.

नोकरीचं दिवाळीनंतर बघू. आज ठरवलंस तर ते जॉबरच्या एका वाक्यावर ठरवल्यासारखं होईल.

एक इशारा देऊन ठेवतो. तारापूरला संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले, तेव्हा बसवलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ मिळेनासा झाला की पद्धत गळायची. तरीही ते कारखाने इतरांच्या पुढेच होते, हे खरं. पण तिथे सल्लागारांची फौज होती, तुझ्याकडे तू आहेस. तेव्हा बारकोड, मोबाइल अॅप, नवा तक्ता, सगळं सध्या कपाटात ठेव. लाल-निळा दोरा एवढंच. तू आठ दिवस तापाने झोपलीस तरी जे चालू राहील, तेच टिकणार.

शेवटचं काम सगळ्यात सोपं. केनियातल्या छोट्या दुकानदारांकडे काही अर्थतज्ज्ञ वरचेवर जाऊन विचारत, की सुट्टे नव्हते म्हणून किती विक्री हातची गेली. त्या नुसत्या विचारण्याने असं नुकसान जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं. कुणी उपदेश केला नाही, रिपोर्ट दिला नाही. प्रश्न येणार हे माहीत झालं आणि दुकानदार सुट्टे जवळ ठेवू लागले.

तर दर शनिवारी पगार वाटून झाला की बाबांना चहा दे आणि एकच विचार : ‘या आठवड्यात लाल दोरे किती?’ पहिल्या शनिवारी ते ‘दिवाणजीला विचार’ म्हणतील. दुसऱ्या शनिवारी वैतागतील. आकडा तुला ठाऊक असला तरी सांगू नकोस. ते स्वतः फोल्डिंगला उठून गेले आणि मोजून आले, तर कितवा शनिवार होता ते मला कळव. आणि जॉबरने कुठले दोन माग निवडले तेही. माझा अंदाज आहे की तो सगळ्यात वाईट दोन निवडेल, पण असे अंदाज माझे याआधीही चुकले आहेत.